जठराला निरोप कोण पोहोचवते?

चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. त्याच वेळी पोटातही तसेच काहीसे घडत असते, ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. अन्नाचा वास आला, ताट समोर आले, पहिला घास चघळला गेला की तो जठरात पोहोचण्यापूर्वीच जठराच्या अंतःस्तरातील पेशी आम्ल आणि पाचकरस स्रवू लागतात. प्रौढ माणसाच्या जठरात दिवसाकाठी साधारणपणे दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवताना इतके तीव्र असते की रक्ताच्या तुलनेत त्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा लाख पटींहूनही अधिक भरते. एवढे दाहक द्रव्य केव्हा, किती आणि कोठवर सोडायचे हे त्या पेशींना सांगते कोण? शरीरक्रियाशास्त्राचे जवळजवळ एक शतक या प्रश्नामागे खर्ची पडले. उत्तराचा मोठा भाग न्यूरोपेप्टाइड नावाच्या रेणूंमध्ये आणि त्यांना ओळखणाऱ्या ग्राहींमध्ये दडलेला आहे. 'ॲसिडिटी'च्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचा तर या विषयाशी थेट संबंध येतो.

पहिले उत्तर रशियातून आले. इव्हान पावलॉव्ह यांनी कुत्र्यांची अन्ननलिका मानेशी बाहेर उघडी केली. कुत्रा अन्न खाई, पण ते जठरात न जाता मानेतूनच बाहेर पडे. तरीही जठरातून रस वाहू लागे. मेंदूकडून जठराकडे येणाऱ्या व्हेगस या चेता कापल्या की हा स्राव थांबे. म्हणजे हुकूम मेंदूचा आणि तो पोहोचवणारी तार व्हेगसची, असा निष्कर्ष निघाला. १९०४ साली पावलॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरील याच कामासाठी. घंटा आणि लाळ यांची कथा नंतरची. (त्यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अपचनावरील औषध म्हणून विकलाही जात असे.)

परंतु सगळे काम चेतांमार्फतच होते हा समज फार काळ टिकला नाही. लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली आतड्याच्या सर्व चेता तोडल्यानंतरही आतड्यात आम्ल घातले की स्वादुपिंड पाझरते, हे दाखवून दिले. निरोप रक्तातून जात होता. त्या रासायनिक दूताला त्यांनी 'सिक्रेटीन' असे नाव दिले. अशा दूतांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला. मराठीत त्याला संप्रेरक म्हणतात.

एडकिन्स यांची उपेक्षा

त्याच १९०५ मध्ये लंडनमधील जॉन सिडनी एडकिन्स यांनी जठराच्या खालच्या भागातील अंतःस्तराचा अर्क काढून मांजरांच्या शिरेत टोचला. जठरात आम्ल वाढले. जठरच रक्तात एक संप्रेरक सोडते आणि ते फिरून जठरालाच कामाला लावते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या संप्रेरकाला त्यांनी 'गॅस्ट्रीन' म्हटले. सुरुवातीला या शोधाचे स्वागत झाले. पुढे हिस्टामीन हा रेणू माहीत झाला, त्याने जठरातील आम्ल प्रचंड वाढते हे १९२० साली पोपिएल्स्की या पोलिश संशोधकाने प्रसिद्ध केले, आणि जठराच्या अर्कातही हिस्टामीन असल्याचे आढळले. मग एडकिन्स यांचे गॅस्ट्रीन म्हणजे दुसरेतिसरे काही नसून अर्कात मिसळलेले हिस्टामीनच, असा निवाडा शास्त्रजगताने दिला. १९३८ साली कोमारोव्ह यांनी हिस्टामीनविरहित अर्कानेही आम्ल वाढते हे दाखवले, तेव्हा एडकिन्स यांच्या आयुष्याची दोनच वर्षे उरली होती. १९४० मध्ये ते निवर्तले. शुद्ध गॅस्ट्रीन वेगळे करून त्याची रचना मांडण्याचे काम लिव्हरपूल येथे रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकरांच्या जठरांवर केले. ते प्रसिद्ध झाले १९६४ साली. १७ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी निघाली.

गंमत अशी की एडकिन्स यांच्या टीकाकारांचेही म्हणणे अर्धे खरे होते. गॅस्ट्रीन आहे, हे निर्विवाद. पण ते आपले बहुतेक काम हिस्टामीनकरवीच करून घेते. ते कसे, हे समजण्यासाठी जठराच्या पेशींची ओळख करून घ्यावी लागते.

जठराच्या अंतःस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी ग्रंथी. त्यांत आम्ल स्रवणाऱ्या मोठ्या पेशी असतात. त्यांना पराइटल पेशी म्हणतात. ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी लागणारे प्रथिनही याच पेशी तयार करतात. त्यांच्या खाली मुख्य पेशी असतात. या पेशी पेप्सिनोजेन हे निष्क्रिय विकर बारीक कणिकांच्या रूपात साठवून ठेवतात. पेप्सिनोजेन बाहेर पडून आम्लात मिसळले की त्याचे पेप्सिन बनते आणि प्रथिनांचे पचन सुरू होते. पेप्सिनचा शोध थिओडोर श्वान यांनी १८३६ साली लावला होता. आम्ल आणि पेप्सिन हे दोन प्रत्यक्ष काम करणारे पदार्थ झाले. त्यांच्या आजूबाजूला संख्येने थोड्या, पण अधिकाराने मोठ्या अशा तीन प्रकारच्या पेशी विखुरलेल्या असतात: गॅस्ट्रीन सोडणाऱ्या 'जी' पेशी, हिस्टामीन सोडणाऱ्या 'ईसीएल' पेशी आणि सोमॅटोस्टॅटिन सोडून सगळ्यांना आवरणाऱ्या 'डी' पेशी. या सर्वांमधून चेतातंतूंचे दाट जाळे गेलेले असते. पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असाव्यात असा अंदाज आहे. तिला 'दुसरा मेंदू' म्हणण्याची प्रथा त्यातूनच पडली.

हे चेतातंतू ॲसिटिलकोलीनसारख्या साध्या रेणूंबरोबरच अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्याही सोडतात. त्या म्हणजे न्यूरोपेप्टाइड. मेंदू आणि आतडे एकच रसायन वापरतात याची पहिली चाहूल १९३१ साली लागली होती. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूतून व आतड्यातून एकाच गुणाचा 'सबस्टन्स पी' मिळाला होता. पुढे १९७० नंतर अशा शोधांची रांगच लागली. आतड्यात सापडलेले 'व्हीआयपी' हे पेप्टाइड चेतांमध्ये आढळले. मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात १९७३ साली सापडलेले सोमॅटोस्टॅटिन जठरात व स्वादुपिंडात निघाले. गॅस्ट्रीनसारखे पेप्टाइड १९७५ मध्ये मेंदूत मिळाले.

पेप्टाइड स्वतः मात्र काहीच करत नाही. ते पेशीच्या आतही जात नाही. पेशीच्या आवरणात रुतलेले, आवरण सात वेळा आरपार ओवून गेलेले एक प्रथिन त्याची वाट पाहत असते. हाच ग्राही, म्हणजे रिसेप्टर. पेप्टाइड बाहेरून ग्राहीला चिकटले की ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूचे 'जी प्रथिन' जागे होते. मग पेशीत एकतर कॅल्शियमची पातळी वाढते किंवा सायक्लिक एएमपी नावाच्या रेणूचे प्रमाण बदलते. या प्रकारच्या ग्राहींवरील कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कुलूप आणि किल्ली ही उपमा येथे नेहमी दिली जाते, पण ती अपुरी आहे. एकच किल्ली एका दाराला लावली की दिवा लागतो आणि दुसऱ्या दाराला लावली की विझतो, असा हा प्रकार आहे.

कोलेसिस्टोकायनिन हे आतड्यातील संप्रेरक त्याचे चांगले उदाहरण ठरते. त्याच्या साखळीची शेवटची पाच अमिनो आम्ले गॅस्ट्रीनच्या शेवटच्या पाचांशी तंतोतंत जुळतात. पेप्टाइडाचे बळ याच टोकात असते. त्यामुळे गॅस्ट्रीनप्रमाणे यानेही आम्ल वाढावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकूण परिणाम आम्ल कमी होण्याचा दिसतो. कारण या कुटुंबाचे ग्राही दोन आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा ग्राही गॅस्ट्रीन व कोलेसिस्टोकायनिन यांच्यात फारसा भेद करत नाही. तो ईसीएल आणि पराइटल पेशींवर असतो. पहिल्या क्रमांकाचा ग्राही मात्र गॅस्ट्रीनला जवळजवळ दाद देत नाही, तो कोलेसिस्टोकायनिनलाच ओळखतो, आणि तो डी पेशींवर असतो. डी पेशी जाग्या होतात, सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि आम्लाला लगाम बसतो. निर्णय रेणूच्या रचनेत नसून तो कोणत्या पेशीच्या दारात पोहोचतो यात असतो.

गॅस्ट्रीनच्या या ग्राहीचे जनुक १९९२ साली कुत्र्याच्या पराइटल पेशींतून वेगळे करण्यात आले. तेव्हा स्पष्ट झाले की मेंदूत विपुल असलेला कोलेसिस्टोकायनिनचा दुसरा ग्राही आणि जठरातील गॅस्ट्रीनचा ग्राही ही दोन प्रथिने नसून एकच आहे. गॅस्ट्रीनच्या टोकाची चारच अमिनो आम्ले सुटी करून निरोगी माणसाच्या शिरेत टोचली तर जठरात आम्ल वाढते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. तोच चार कड्यांचा तुकडा माणसाला काही क्षण जबरदस्त भीतीचा झटका आणू शकतो, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस मानसोपचारतज्ज्ञांच्या ध्यानात आले. पोटात आम्ल आणि मेंदूत भीती, ग्राही मात्र तोच.

बेडकाच्या कातडीतून

एक कोडे मात्र बरीच वर्षे सुटत नव्हते. व्हेगस चेतेला चेतवले की जी पेशी गॅस्ट्रीन सोडतात. व्हेगसचा ठरलेला दूत ॲसिटिलकोलीन. तेव्हा ॲट्रोपीन देऊन ॲसिटिलकोलीनची वाट अडवली की गॅस्ट्रीनही थांबायला हवे. ते थांबत नव्हते. कोणीतरी दुसराच निरोप्या असला पाहिजे.

त्याचा माग लागला तो युरोपातील लाल-नारिंगी पोटाच्या एका लहान बेडकाच्या कातडीत. इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी उभयचर प्राण्यांच्या कातडीतील रसायनांचा ध्यास घेतला होता. 'बोम्बिना बोम्बिना' या जातीच्या कातडीतून त्यांच्या गटाने १९७१ साली १४ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले आणि त्याला 'बॉम्बेसिन' असे नाव दिले. ते कुत्र्यांना टोचताच रक्तात गॅस्ट्रीन आणि जठरात आम्ल वाढले. बेडकाच्या कातडीतील पदार्थाला कुत्र्याच्या जठरात ग्राही असण्याचे कारण एकच असू शकत होते, ते म्हणजे सस्तन प्राण्यांकडेही तसे स्वतःचे पेप्टाइड आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील व्हिक्टर मट यांच्या सहभागाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते डुकराच्या जठरातून मिळाले. २७ अमिनो आम्लांच्या या साखळीची शेवटची सात अमिनो आम्ले बॉम्बेसिनशी जुळत होती. त्याचे नाव जीआरपी, म्हणजे गॅस्ट्रीन सोडायला लावणारे पेप्टाइड. व्हेगसच्या हुकुमाने जठराच्या भिंतीतील चेतातंतू ते जी पेशींच्या शेजारी सोडतात. ॲट्रोपीनला न जुमानणारा निरोप्या हाच.

आता घासाचा प्रवास जोडता येतो. अन्नाच्या वासाने व चवीने व्हेगस चेता जागी होते. जीआरपीमुळे जी पेशी गॅस्ट्रीन सोडतात. गॅस्ट्रीन रक्तातून फिरून ईसीएल पेशींवरील ग्राहींना चिकटते व त्या हिस्टामीन सोडतात. हिस्टामीन पराइटल पेशींवरील 'एच-२' ग्राहीमार्फत सायक्लिक एएमपी वाढवते, तर ॲसिटिलकोलीन आणि काही प्रमाणात गॅस्ट्रीन थेट कॅल्शियम वाढवतात. दोन्ही वाटा एकदम उघडल्या की परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा मोठा होतो. पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेली आवरणे पृष्ठभागाशी एकरूप होतात, त्यांवरील प्रोटॉन पंप कामाला लागतात आणि आम्ल वाहू लागते.

मुख्य पेशींचा कारभार याच धर्तीचा, तरीही वेगळा आहे. गिनीपिगच्या जठरातून सुट्या केलेल्या मुख्य पेशींवरील प्रयोगांत दिसले की ॲसिटिलकोलीन व कोलेसिस्टोकायनिन कॅल्शियमच्या वाटेने, तर सिक्रेटीन व व्हीआयपी सायक्लिक एएमपीच्या वाटेने पेप्सिनोजेनच्या कणिका बाहेर टाकायला लावतात. यात लक्षात घेण्याजोगा आहे तो सिक्रेटीनचा विरोधाभास. ते आम्लाचा स्राव कमी करते आणि पेप्सिनोजेनचा वाढवते. आम्ल आणि पेप्सिन एकाच नळातून येतात असे समजणाऱ्यांसाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

मग हे थांबते कसे? जठरातील सामू ३ च्या खाली गेला की डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडू लागतात. या पेशींचे लांब फाटे शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचलेले असतात. सोमॅटोस्टॅटिन जी, ईसीएल आणि पराइटल या तिन्ही पेशींवर ब्रेक लावते. रक्तात ते काही मिनिटेच टिकते, त्यामुळे लगाम आवळणे आणि सैल करणे सतत चालू राहते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या खालच्या भागात ठाण मांडून बसला की डी पेशींचे काम मंदावते, गॅस्ट्रीन वाढते आणि अनेकांना आतड्याच्या आरंभी व्रण होतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले ते या जंतूच्या शोधासाठी.

डी पेशींना जागे करणारे आणखी एक न्यूरोपेप्टाइड आहे, सीजीआरपी. ते वेदना कळवणाऱ्या संवेदी चेतांमध्ये असते आणि मिरचीतील कॅप्सायसिन त्या चेतांना चेतवते. म्हणून थोड्या प्रमाणातील कॅप्सायसिनने जठरातील आम्ल कमी झाल्याचे माणसांवरील प्रयोगांत नोंदले गेले आहे. ठेच्याने 'ॲसिड वाढते' ही आपल्याकडची ठाम समजूत या नोंदीपुढे डळमळते. अर्थात जळजळ खोटी नसते. ज्यांच्या संवेदी चेता आधीच हळव्या झाल्या आहेत त्यांना आम्ल न वाढताही आग होते, आणि त्यांनी मिरची टाळणेच इष्ट.

नळ बंद, निरोप चालू

व्रणावर इलाज करणाऱ्यांनी या साखळीची एकेक कडी तोडून पाहिली. शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ पासून व्हेगस चेताच कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. जेम्स ब्लॅक यांनी १९७२ साली एच-२ ग्राही अडवणारे पदार्थ जाहीर केले. त्यातून १९७६ मध्ये सिमेटिडीन ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि गॅस्ट्रीनने वाढणारे आम्लही त्याने दबते, हे दिसून आले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल मिळाले, त्याच वर्षी शेवटची कडी अडवणारे ओमेप्राझोल युरोपात विक्रीस आले. पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही त्याचीच भावंडे. ही औषधे कोणत्याही ग्राहीला हात लावत नाहीत. ती थेट प्रोटॉन पंप बंद करतात. व्रण आणि रक्तस्राव असलेल्या असंख्य रुग्णांना त्यांनी शस्त्रक्रियेपासून वाचवले, हे मान्यच केले पाहिजे.

पण नळ बंद केल्याने निरोप थांबत नाही. आम्ल कमी झाले की डी पेशी गप्प बसतात. त्यांचा लगाम सुटल्यामुळे जी पेशी अधिकाधिक गॅस्ट्रीन सोडतात. हे गॅस्ट्रीन ईसीएल पेशींना केवळ हिस्टामीन सोडायला लावत नाही, तर त्यांची वाढही करते. पंप बंद असेतो काही जाणवत नाही. गोळी थांबवली की वाढलेले गॅस्ट्रीन, वाढलेल्या ईसीएल पेशी आणि मोकळे झालेले पंप यांची गाठ पडते, आणि आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात पोटाची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी व्यक्ती घेतल्या होत्या. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल व नंतर चार आठवडे नकली गोळी, बाकीच्यांना सर्व काळ नकली गोळी देण्यात आली. शेवटच्या चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना छातीत जळजळ, आंबट ढेकर यांसारख्या तक्रारी झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना आजारच नव्हता त्यांना औषध थांबवल्यामुळे आजाराची लक्षणे दिसू लागली.

गोळी बंद केली, दोन दिवसांत पुन्हा जळजळ सुरू झाली, म्हणजे आजार गेलेला नाही, असा निष्कर्ष काढून पुन्हा गोळी सुरू करणारे रुग्ण घरोघरी आढळतात. त्यांपैकी काहींच्या बाबतीत तो आजार नसून वाढलेल्या गॅस्ट्रीनचा परिणाम असतो आणि तो काही आठवड्यांत ओसरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करणे, मधल्या काळात साध्या अँटासिडवर निभावणे हे मार्ग त्यासाठी आहेत. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामके नियमित घेणारे, पूर्वी रक्तस्राव झालेले आणि अन्ननलिकेला गंभीर इजा असलेले रुग्ण यांनी मात्र ही औषधे मनाने मुळीच थांबवू नयेत. गॅस्ट्रीनचा ग्राहीच अडवणारे नेटाझेपाइडसारखे पदार्थ संशोधकांनी माणसांवर तपासले आहेत, पण त्यांचे अजून रोजच्या वापराचे औषध झालेले नाही.

गॅस्ट्रीनचा अतिरेक कोठवर जाऊ शकतो हे झोलिंजर आणि एलिसन या अमेरिकी शल्यविशारदांनी १९५५ साली दाखवले होते. स्वादुपिंडात किंवा आतड्याच्या आरंभी गॅस्ट्रीन सोडणारी गाठ होते आणि जठराला विश्रांतीच मिळत नाही; व्रण पुनःपुन्हा होतात. अशा गाठींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिनचे ग्राही दाटीने असतात, आणि आता त्यांचाच उपयोग गाठ शोधण्यासाठी व जाळण्यासाठी केला जातो. सोमॅटोस्टॅटिनसारख्या पेप्टाइडाला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून ते शिरेतून देतात. मुंबईत परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये या प्रकारच्या गाठींवर हे उपचार होतात आणि ल्युटेशियम तुर्भे येथील 'ध्रुव' अणुभट्टीत तयार होते. पेप्टाइड ग्राहीला चिकटते, ग्राहीसह पेशीच्या आत ओढले जाते आणि किरणोत्सार काही मिलिमीटरांच्या परिघात आपले काम करतो.